वल्ह्यांची नोंद नसलेले आरमार

आमच्या महाविद्यालयात मराठ्यांच्या आरमारावर निबंधस्पर्धा झाली. परीक्षक म्हणून माझे नाव होते. चाळीसएक निबंध मी दोन रात्रींत वाचून काढले. मुले मालवण परिसरातली. ज्यांच्या ओटीवरून सिंधुदुर्ग दिसतो अशीही त्यांत बरीच. गाबितांची, भंडाऱ्यांची, मराठ्यांची, आमच्या बौद्धवाडीतली. प्रत्येक निबंधात महाराजांची दूरदृष्टी होती, कुरटे बेट होते, तटाच्या पायात ओतलेले शिसे होते, सिद्दी, फिरंगी आणि इंग्रज होते. एकाही निबंधात वल्हे नव्हते. ज्याचे वडील तांडेल आहेत, जो स्वतः सुट्टीत होडीवर जातो, त्या मुलाच्याही निबंधात नव्हते. मी त्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, ता पुस्तकात खंय आसा?"

मुलाचे बरोबर होते. त्याने जे वाचले ते लिहिले. दोष शोधायचा तर तो पुस्तकांत शोधावा लागेल, आणि तो केवळ सामाजिक अन्यायाचा दोष आहे असे मला वाटत नाही. ज्या लढाया जहाज आणि पायदळ या दोघांच्या संयोगातून लढल्या जातात, त्यांचे वर्णन करताना वल्हे मारणारा, शिडे ओढणारा, गुडघाभर पाण्यात उतरून ओझे किनाऱ्याला लावणारा माणूस वगळला, तर ती लढाई मुळात कळतच नाही. आमचे आरमारी इतिहासलेखन अन्यायकारक आहे त्याआधी ते चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

जहाजाची ताकद पाणी उथळ झाले की संपते. सैनिकाची ताकद पाय कोरड्या जमिनीवर टेकल्यावर सुरू होते. या दोहोंच्या मध्ये काही हातांचा एक पट्टा असतो. तिथे जहाजाच्या तोफा पुरेशा कामाच्या नसतात आणि शिपाई अजून शिपाई झालेला नसतो, तो भिजलेले ओझे असतो. समुद्रातून जमिनीवर चाल करणाऱ्या प्रत्येक सैन्याचे भवितव्य या पट्ट्यात ठरते. हे मला युद्धशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलेले नाही. माझी आजी बंदरावर हमाली करीत असे. मोठे गलबत आत येत नसे. पडाव माल घेऊन यायचे आणि पडावापासून वाळूपर्यंतचे शेवटचे अंतर माणसांच्या डोक्यावरून पार व्हायचे. मिठाची पोती, कौले, नारळ. उतारू असले तर त्यांना खांद्यावर घेऊन आणणारी माणसे वेगळी. आजीच्या वाट्याला माणूस कधी आला नाही, पोतेच आले. ती म्हणायची, "पाण्यात आसताना कोणी इचारूक नाय. वाळयेर पाय लागले काय मगे जात इचारीत." या पट्ट्याची याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

आता मालवणचेच उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ च्या नोव्हेंबरात घातला गेला आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांतच, १६६५ च्या फेब्रुवारीत, शिवाजी महाराज याच किनाऱ्यावरून बसरूरच्या स्वारीवर निघाले. इंग्रजांच्या कारवार वखारीच्या माहितीप्रमाणे बरोबर ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती. बसरूर हे आजच्या कर्नाटकातले तेव्हाचे श्रीमंत बंदर. अचानक सैन्य उतरले, पेठ लुटली गेली, परतताना गोकर्णाला तीर्थस्नान झाले. हे सगळे मुलांच्या निबंधांत होते. पण त्याच इंग्रजी माहितीत आणखी एक गोष्ट आहे. गोकर्णानंतर महाराजांनी आरमाराचा बहुतेक भाग परत पाठवला आणि १२ गलबते तेवढी ठेवून घेतली. कशासाठी? ४,००० पायदळ घेऊन किनाऱ्याने अंकोला-कारवारकडे जायचे होते, आणि वाटेत नद्या आडव्या येत होत्या. त्या ओलांडायला ही १२ गलबते.

माझ्या मते त्या स्वारीतली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे. खाड्यांनी कापलेल्या किनाऱ्यावर पायदळ चालवायचे तर प्रत्येक खाडीच्या तोंडाशी नाव आणि नावाडी आधी पोचलेला असला पाहिजे. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, रेतीचा बांध कुठे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. जमिनीवरची फौज आणि पाण्यातली नाव एकाच वेळी एकाच ठिकाणी यावी हा हिशेब कोणीतरी रोज करीत होते. लोकप्रिय चरित्रे आणि कादंबऱ्या बसरूरच्या लुटीवर पाने खर्च करतात आणि या १२ गलबतांवरून पुढे निघून जातात. लूट नाट्यमय असते. खाडी ओलांडणे नाट्यमय नसते, ते काम असते. आणि कामाकडे पाहण्याची आमच्या वाङ्मयाची दृष्टी कशी घडली आहे हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण खांदेरीचे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर मराठ्यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर माणसे उतरवून तटबंदी सुरू केली. मायनाक भंडारी तिथे होता. इंग्रजांनी वेढा घातला, पुढे सिद्दीही आला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार आणि इंग्रजांची जहाजे यांची लढाई झाली. त्या लढाईचा निकाल पाहिला तर मराठ्यांनी इंग्रजांची एक गुराब पकडली, पण 'रिव्हेंज' या जहाजापुढे त्यांना मागे यावे लागले. केवळ त्या दिवसावर हिशेब केला तर खांदेरी जायला हवी होती. ती गेली नाही. का? कारण थळ-नागावच्या खाड्यांतून निघणाऱ्या लहान नावा रात्री वल्ह्यांवर बेटाला दाणागोटा, दारूगोळा आणि माणसे पोचवीत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागच्या जागी उभी राहत, आणि वल्ह्याला वारा लागत नाही. या क्षुद्र होड्यांनी आपल्याला जेरीस आणल्याची तक्रार खुद्द इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे. शेवटी त्यांनी तडजोड करून जहाजे काढून घेतली. शत्रूने ज्याची नोंद केली त्याची नोंद आमच्या शौर्यगाथांनी केली नाही.

येथे मूळ साधनांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. राजारामाच्या काळात जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत आरमाराचा जो भाग आहे त्यात दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक हा भंडारी अशी दोन सुभेदारांची ओळख आहे. गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे, पगार अशी तारवांच्या जातींची नावे आहेत. बखरकार आपल्यापेक्षा उदार होता असे म्हणावे लागते, कारण आजच्या भाषणांतून दर्यासारंगाचे नाव गळत चालले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमाराच्या लाकडाचा विचार करताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडे तिने लेकरासारखी वाढवलेली असतात, असा सूक्ष्म विचार आहे. झाडाच्या धन्याचा विचार करणारा तो ग्रंथ मोठाच आहे. पण त्या झाडाची फळी कापणारा, ती डांबराने भिजवणारा, तिच्यावर बसून वल्हे ओढणारा माणूस त्याच्या नजरेच्या कक्षेत फारसा येत नाही. रयत म्हणजे ज्याच्या परसात झाड आहे तो. ज्याला परसच नाही तो कोण, हा प्रश्न त्या काळाने विचारला नाही हे समजू शकते. आपण का विचारत नाही?

या दुर्लक्षामागे धर्माची एक बैठकही आहे. कलिवर्ज्यात समुद्रप्रवास घालून शास्त्रकारांनी द्विजांना दर्या तोडला. निषेध दूरच्या प्रवासाचा होता, किनाऱ्यावरच्या कारभाराचा नव्हे, हे मला मान्य आहे. पेशव्यांचा कोकणातला सरदार रामाजी महादेव ब्राह्मणच होता आणि आरमारी मोहिमा तो करीत होता. परंतु निषेधाचा परिणाम केवळ कोण गेला नि कोण गेला नाही यावर मोजायचा नसतो. मीठ, मासळी, डांबर, ओला दोर यांना लागलेला हात हलका ठरला, आणि हलक्या हाताचे ज्ञान हे ज्ञान नव्हेच असे ठरले, हा खरा परिणाम. शिवाजी महाराज स्वतः गलबतावर चढले ही गोष्ट म्हणूनच लहान नाही. सिंधुदुर्गावरच्या शिवराजेश्वराच्या मूर्तीची टोपी नावाड्याची आहे असे इकडचे लोक मानतात. मूर्ती घडवणाऱ्याला जे सुचले ते चरित्रे लिहिणाऱ्यांना सुचले नाही.

विजयदुर्गाचे प्रकरण मी थोडक्यात घेतो, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. नानासाहेब पेशवे इंग्रजांचे दोस्त, त्यांची फौज जमिनीच्या बाजूने उभी. १२ तारखेला तोफांचा मारा झाला, 'रिस्टोरेशन' या जहाजाला आग लागली आणि ती पसरून आंग्र्यांचे सबंध आरमार जळाले. त्या रात्री क्लाइव्ह किनाऱ्यावर उतरला. तो आंग्र्यांशी लढायला उतरला नव्हता. पेशव्यांची फौज आणि किल्ला यांच्यामध्ये उभे राहण्यासाठी तो उतरला. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती आला, सुमारे १० लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. ती कशी वाटायची हे मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठकीत ठरले होते. पेशव्यांनी आपले आरमार बुडवून घेतले, यावर मराठीत दीडशे वर्षे हळहळ चालू आहे. ही हळहळ नेहमी मुत्सद्देगिरीची असते. पण साधी गोष्ट अशी की इंग्रजांकडे पाणी आणि जमीन दोन्ही एका हातात होती. पेशव्यांनी पाणी भाड्याने घेतले होते. मधला पट्टा ज्याच्या ताब्यात, किल्ला त्याचा. त्या आगीत जळालेल्या जहाजांचा शोक करणाऱ्या लेखनात जहाजांवरच्या खलाशांविषयी एक ओळ मी शोधतो आहे.

कोणी म्हणेल, ही तुमची जातीची दृष्टी, युद्धशास्त्र वेगळे असते. म्हणून जिथे या प्रकारचे युद्ध सर्वांत मोठ्या प्रमाणावर लढले गेले त्या दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक महासागराकडे पाहू. तो महासागर आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच महायुद्धात जहाजावरून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव आपल्या खडकवासल्याच्या तलावाकाठी होत होता. पाण्याकाठी खोटे जहाज बांधून त्यावरून शिपायांना उतरायला शिकवले जाई. ती जागा पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या वाट्याला आली.

२० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकेचे मरीन सैनिक तारावा बेटसमूहातल्या बेटिओवर उतरले. विमाने, युद्धनौकांच्या तोफा, रणगाडे, उतरण्याच्या खास होड्या, सगळ्या अंगांची जुळणी केली होती. फसले कुठे? भरतीत. बेटाभोवती पोवळ्याचा खडक आहे आणि त्या दिवशी त्यावर पुरेसे पाणी चढलेच नाही. बहुसंख्य होड्या खडकावर अडकल्या. शिपायांना बंदुका डोक्यावर धरून शेकडो यार्ड पाण्यातून मशीनगनच्या तोंडावर चालत जावे लागले. त्या बेटांवर बरीच वर्षे काढलेल्या एका न्यूझीलंडच्या माणसाने आधीच बजावले होते की त्या दिवसांत पाणी पुरणार नाही. त्याचे ऐकले गेले नाही. ७६ तासांत सुमारे हजार अमेरिकन मेले. पलीकडच्या बाजूला जपानी सैन्याबरोबर सुमारे १,२०० कोरियन मजूर होते. खंदक खणायला आणि काँक्रीट ओतायला आणलेले. त्यांपैकी १२९ जिवंत राहिले. तारावाच्या वीरकथांत ते कुठल्याच बाजूचे नाहीत.

अमेरिकेच्या बाजूलाही एक वाडा होता. १९४२ पर्यंत मरीन दलात काळ्यांना प्रवेशच नव्हता. युद्धाच्या रेट्याने तो दिला, पण शिक्षण वेगळ्या छावणीत, माँटफर्ड पॉइंटला, आणि बहुतेकांना काम दारूगोळा व सामान वाहण्याचे. म्हणजे माझ्या आजीचे काम. १५ जून १९४४ रोजी सायपान बेटावर पहिल्याच दिवशी या काळ्या कंपन्या सामान घेऊन उतरल्या आणि वाळूवर पाय ठेवताच त्यांना बंदूक हाती घ्यावी लागली. सामान वाहणारा आणि लढणारा हा भेद मधल्या पट्ट्यात टिकत नाही. त्यानंतर मरीन दलाच्या प्रमुखालाच मान्य करावे लागले की ही माणसे आता परीक्षेला बसलेली नाहीत, ती पुरती मरीन आहेत. पण त्याच महायुद्धात, १७ जुलै १९४४ ला, पॅसिफिकला जाणारा दारूगोळा जहाजात भरताना कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागोला स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांतली २०२ काळी. वाचलेल्यांनी तशाच धोक्यात पुन्हा काम करायचे नाकारले तेव्हा त्यांच्यातल्या ५० जणांना बंडखोर ठरवून शिक्षा झाल्या. त्यांना निर्दोष ठरवायला अमेरिकेच्या नौदलाला २०२४ साल उजाडावे लागले.

हे वाचताना आपल्या पलटणी डोळ्यांसमोर येणारच. कोकणातले महार कंपनीच्या मुंबई सैन्यात होते. १८९० च्या सुमारास भरती बंद झाली आणि दापोलीला पेन्शनीवर बसलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. १९४१ साली पुन्हा गरज लागली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरजेपुरते शूर आणि गरज सरली की अस्पृश्य. काळ्या मरीनाला हे कोणी समजावून सांगावे लागले नसते.

पण इथे आपल्याच लोकांशी मला थोडे भांडायचे आहे. या विषयावर मी एका शिबिरात बोललो तेव्हा एका कार्यकर्त्याने आग्रह धरला, शिवाजीच्या आरमारात महार वल्ही मारीत होते असे ठणकावून लिहा. मी ते लिहिणार नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही. वल्ह्यावर कोळी, भंडारी, गाबीत आणि मुसलमान होते, आणि महारांचे काम किल्ल्याच्या घेऱ्यातले, जमिनीवरचे होते. प्रत्येक जातीने आपापला एक वीर शोधून मिरवणूक काढायची ही पद्धत प्रस्थापितांच्याच इतिहासाची नक्कल आहे. मायनाकाचा पुतळा उभारला म्हणजे वल्ह्याची नोंद झाली असे होत नाही. मायनाक सुभेदार होता. त्याच्या हाताखालचा माणूस पुतळ्यातही खालीच राहील. शिवाय कोकणात गाबीत आणि महार यांच्यात शिवाशीव होती, ती खाऱ्या पाण्याने धुतली गेली नाही, हेही आपण विसरू नये. त्या तांडेलाच्या मुलाच्या आजोबांनी माझ्या आजीला होडीत घेतले नसते. तरीही त्याच्या आजोबांचे वल्हे पुस्तकात नाही याचा राग मला आला, आणि तो यायला हवा असे मला वाटते.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्याकडे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. युद्धनौका आल्या, विमाने आली, मरीन कमांडोंनी किनाऱ्यावर उतरण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. मी विद्यार्थ्यांबरोबर गर्दीत उभा होतो. तांडेलाचा तो मुलगा नौकांकडे पाहत नव्हता, पाण्याकडे पाहत होता. त्याच दिवशी राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पुढच्या वर्षी तिथे नवा, पहिल्यापेक्षा उंच पुतळा उभा राहिला. पडलेल्या पुतळ्यावर महिनाभर जी चर्चा झाली तीत गंज, नट-बोल्ट, कंत्राट आणि वारा हे सगळे होते. इथला खारा वारा लोखंडाचे काय करतो हे दर पावसाळ्यात होड्या ओढून डागडुजी करणाऱ्यांना माहीत असते. त्यांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मला ऐकू आला नाही.

निबंधांना मी क्रमांक दिले नाहीत. प्राचार्यांना ते आवडले नाही, आणि त्यांचेही एका परीने बरोबर होते, बक्षिसे आणून ठेवली होती. मी मुलांना म्हटले, आधी दांडीच्या किनाऱ्यावर जा आणि एवढेच विचारून या, की काळोखात, ओहोटीला, शीड न उभारता सिंधुदुर्गाच्या दरवाजापर्यंत भरलेली होडी न्यायची तर कशी न्याल. अकरा मुले गेली. त्यांनी आणलेली उत्तरे एका वहीत उतरवून घेतली आहेत. खडकांची नावे आहेत, कुठल्या खडकाला डाव्या अंगाला ठेवायचे ते आहे, चतुर्थी-पंचमीला पाणी किती राहते आणि पौर्णिमेला किती ते आहे. एका म्हाताऱ्याने सांगितले की वल्ह्याला फडके गुंडाळले की आवाज होत नाही, हे त्याला त्याच्या आज्याने सांगितले होते. कशासाठी सांगितले होते, असे मुलांनी विचारले. तो म्हणाला, आमच्यात सांगतात.